टेक्नॉलॉजी पार्क, विद्यापीठ, सरकार आणि कंपन्या: मराठवाड्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यातले छोटे उद्योजक, इंजिनिअरिंगची पोरं आणि त्यांचे सर लोक फिरून फिरून हेच प्रश्न विचारायलेत, म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. माझं काम कॉलेज आणि कारखाना यांच्या मधलं आहे त्यामुळे दोन्हीकडचं ऐकायला मिळतं, आणि यात माझी मतं पण आहेत, ती मी झाकून ठेवलेली नाहीत.

टेक्नॉलॉजी पार्क म्हणजे एमआयडीसीच ना, फक्त नाव मोठं?

नाही. एमआयडीसीत तुम्हाला प्लॉट मिळतो, रस्ता, पाणी, लाईट मिळते, तुम्ही शेड टाकता आणि माल काढता. शेजारच्या प्लॉटवर कोण बसलंय याच्याशी तुमचं काही देणंघेणं नसलं तरी धंदा चालतो. टेक्नॉलॉजी पार्कमध्ये शेजारी कोण आहे हाच मुद्दा असतो. एखादं विद्यापीठ किंवा संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर असते, कंपन्यांचं आर अँड डी, म्हणजे संशोधनाचं खातं, तिथं बसतं, नवीन स्टार्टअप असतात आणि या सगळ्यांची एकमेकांशी गाठ पडावी म्हणून पगारी माणसं रोज झटत असतात. ही शेवटची गोष्ट आपल्याकडं हमखास राहून जाते. बिल्डिंग होते, उद्घाटन होतं, गाळे भाड्यानं जातात, पण कोणाची गाठ कोणाशी घालायची हे बघायला माणूसच नसतो.

यात एमआयडीसीला कमी लेखायचा प्रश्नच नाही. १९६२ ला महामंडळ झालं, पुढं चिकलठाणा आणि वाळूज उभं राहिलं, १९८५ ला बजाजचा प्लांट वाळूजला आला आणि त्याच्यामागं व्हेंडर लोकांची, म्हणजे मोठ्या कंपनीला सुटे पार्ट पुरवणाऱ्यांची, एक पिढी तयार झाली. आज आपल्याकडं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, मायक्रॉनमध्ये काम करणारी पोरं आहेत ती त्याच्यामुळंच. पण एवढ्या वर्षांनंतरही बहुतेक ठिकाणी ड्रॉइंग बाहेरून येतं आणि आपण त्याबरहुकूम जॉब काढून देतो, मग रेट पण समोरचाच ठरवतो. ते ड्रॉइंग इथं बनायला लागावं, यासाठी पार्क पाहिजे.

मग आयटी पार्क?

ती मुख्यतः ऑफिसची जागा. हिंजवडीचा राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीनंच उभा केला आणि त्यानं पुण्याचा तो भाग पार बदलून टाकला. सॉफ्टवेअर एक्सपोर्टसाठी केंद्र सरकारनं १९९१ ला एसटीपीआय सुरू केली, तिचं केंद्र आपल्या चिकलठाण्यात पण आहे. नोकऱ्यांसाठी हे सगळं चांगलंच, पण यात विद्यापीठाचा संबंध बहुतेक वेळा कॅम्पस प्लेसमेंटपुरताच येतो.

ही कल्पना मुळात आली कुठून?

सगळे पहिलं नाव घेतात ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचं. १९५१ ची गोष्ट. विद्यापीठाकडं हजारो एकर जमीन होती पण देणगीच्या अटीमुळं ती विकता येत नव्हती आणि हातात पैसा तर पाहिजे होता, मग जमीन लांब मुदतीच्या भाड्यानं कंपन्यांना द्यायची असं ठरलं. इंजिनिअरिंगचे डीन फ्रेडरिक टर्मन यांनी त्यात खरी महत्त्वाची अट घातली, ती म्हणजे कोणालाही जमीन द्यायची नाही, ज्यांच्या कामाचा विद्यापीठाला उपयोग आहे अशाच कंपन्या घ्यायच्या. पहिली आली व्हेरियन, पुढं ह्युलेट पॅकार्ड, आणि त्यातले ह्युलेट आणि पॅकार्ड हे दोघं टर्मन यांचेच विद्यार्थी. कंपनीतल्या इंजिनिअरला नोकरी सांभाळून स्टॅनफर्डमधून मास्टर्स करता येईल अशी सोय पण त्यांनी केली. म्हणजे पोरगं कॉलेजातून कंपनीत गेलं की संबंध संपला असं नाही, कंपनीतला माणूस परत वर्गात यायचा आणि येताना शॉपफ्लोअरवरची अडचण घेऊन यायचा.

विद्यापीठ, सरकार आणि उद्योग या तिघांच्या गुंतण्याचा नीट अभ्यास १९९० च्या दशकात हेन्री एट्झकोविट्झ आणि लोएट लेडेसडॉर्फ या दोघांनी मांडला, त्याला ट्रिपल हेलिक्स म्हणतात. त्यातली कामाची गोष्ट अशी की तिघं फक्त आपापलं काम करत बसत नाहीत, थोडं थोडं दुसऱ्याचं पण करायला लागतात. विद्यापीठ कंपनी काढून देतं, कंपनी ट्रेनिंग आणि रिसर्च करते, सरकार भांडवल घालतं.

तिघांपैकी पुढाकार कोणी घ्यायचा?

जगात सगळे प्रकार झालेत. स्टॅनफर्डला विद्यापीठानं घेतला. इंग्लंडात केंब्रिज सायन्स पार्क १९७० ला ट्रिनिटी कॉलेजनं आपल्या जमिनीवर काढला. तैवानच्या सिंचूमध्ये मात्र सरकार पुढं होतं. त्यांनी १९७३ ला आयटीआरआय नावाची संशोधन संस्था काढली, तिथले इंजिनिअर अमेरिकेत आरसीए कंपनीकडं चिप बनवायचं तंत्र शिकायला पाठवले, १९८० ला दोन विद्यापीठांच्या शेजारी पार्क सुरू केला, आणि १९८७ ला त्याच संस्थेच्या पोटातून टीएसएमसी निघाली, जी आज जगातली सगळ्यात मोठी चिप बनवून देणारी कंपनी आहे. टीएसएमसीमध्ये सुरुवातीला सरकारचा पैसा होता, फिलिप्सचा होता. क्रम बघा, आधी संस्था, मग माणसं शिकवली, मग पार्क. आपण नेमकं उलटं करतो, आधी गेट बांधतो.

मराठवाड्यापुरतं माझं स्पष्ट मत आहे की आता पुढाकार विद्यापीठांनी आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी घ्यायला पाहिजे. सरकारनं जमीन दिलेली आहे. उद्योजकांनी पण आपल्या परीनं केलंय, सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनेनं मॅजिक हे इनक्युबेशन सेंटर, म्हणजे नवीन कंपन्यांना उभं राहायला मदत करणारं केंद्र, काढलं, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर उभं केलं, मसिआ ही दुसरी संघटना आपल्या पद्धतीनं छोट्या उद्योजकांसाठी भांडत असते. कमी पडायलंय ते कॉलेज.

कॉलेज कमी पडतं म्हणजे नेमकं कुठं?

एक साधं उदाहरण देतो. वाळूजच्या एका व्हेंडरचा झिंक प्लेटिंग केलेला ब्रॅकेट होता. कस्टमरची अट की ९६ तासांच्या सॉल्ट स्प्रे टेस्टला तो टिकला पाहिजे. या टेस्टमध्ये ५ टक्के मिठाचं पाणी ३५ डिग्रीला बंद चेंबरमध्ये धुक्यासारखं सोडतात आणि गंज कधी चढायला लागतो ते बघतात. चेंबर एका कॉलेजात होता, व्हेंडरच्या शेडपासून गाडीवर अर्ध्या तासात पोचाल एवढ्या अंतरावर. पण त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर टाकून ठेवलेलं, कारण चालवणाऱ्या लॅब असिस्टंटची जागा रिकामी. सरांनी मनावर घेतलं असतं तरी फाईल विभागप्रमुख, प्राचार्य, अकाउंट्स अशी फिरणार, फी किती घ्यायची ते ठरलेलं नाही, आणि इकडं व्हेंडरचं डिस्पॅच शनिवारी. आणि रिपोर्ट मिळाला असता तरी कस्टमरनं घेतला नसता, कारण त्या लॅबला एनएबीएलची, म्हणजे लॅब तपासून प्रमाणित करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता नव्हती. शेवटी पार्ट पुण्याला गेला.

यात कोणी वाईट नाही. प्राध्यापकाचं प्रमोशन पेपरवर होतं, व्हेंडरचा ब्रॅकेट तपासून दिल्याबद्दल त्याला कोणी काही देत नाही. मशीन घ्यायला ग्रँट मिळते पण ती चालवायला, कॅलिब्रेशनला, ऑपरेटरला पैसा नसतो. तर मला विचाराल तर पार्कचं पहिलं काम चकाचक बिल्डिंग नाहीच. प्रत्येक जिल्ह्यात एक-दोन लॅब एनएबीएलच्या करा, रेटकार्ड लावा, पैसे थेट लॅबच्या खात्यात जाऊ द्या, रिपोर्टवर सही करणारा माणूस कायम ठेवा. टेस्टिंगला आलेला व्हेंडर हळूहळू हा पार्ट का फेल व्हायलाय असं विचारायला लागतो, आणि त्या 'का'मधूनच प्रोजेक्ट निघतो, पीएचडीचा विषय निघतो, नशीब असेल तर कंपनी पण निघते.

कायद्याची अडचण म्हणाल तर ती फारशी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये नवोपक्रम, इनक्युबेशन आणि उद्योगांशी संबंध यासाठी स्वतंत्र संचालकाची तरतूद आहे. इनक्युबेशन सेंटरची सेक्शन ८ कंपनी, म्हणजे नफा वाटून न घेणारी कंपनी, काढली की रोजच्या खर्चासाठी विद्यापीठाच्या फाईलमागं पळावं लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अटल इनक्युबेशन सेंटर त्याच पद्धतीनं झालंय.

कंपनीला यात काय मिळतं? प्लॉट स्वस्त मिळाला तर कंपनी येईलच की.

प्लॉट स्वस्त म्हणून आलेली कंपनी दुसरीकडं अजून स्वस्त मिळाला की जाते. आयआयटी मद्रासचा रिसर्च पार्क २०१० ला सुरू झाला, प्रा. अशोक झुनझुनवाला यांनी तो उभा करण्यात मोठं काम केलं. तिथं जागा घेणाऱ्या कंपनीला दरवर्षी ठराविक क्रेडिट, म्हणजे गुण, मिळवावेच लागतात. सरांना कन्सल्टन्सी दिली, विद्यार्थी इंटर्न घेतले, एकत्र प्रोजेक्ट केला, कंपनीतल्या माणसानं वर्गात शिकवलं की क्रेडिट. जेवढी जागा जास्त तेवढे क्रेडिट जास्त. चेन्नईसारख्या शहरात सुद्धा नुसतं भाडं घेऊन गप बसायचं नाही असं त्यांनी ठरवलं, आणि कंपन्या अशी अट असून येतात, कारण त्यांना माणसं आणि डोकी पाहिजेत.

आपल्याकडं तर गरज अजून निकडीची आहे. वाळूजच्या कितीतरी शेडमध्ये पेट्रोल इंजिनचे आणि सायलेन्सरचे पार्ट निघतात. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन पण नाही आणि सायलेन्सर पण नाही. शहराजवळच्या बिडकीनला इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या एथरनं प्लांट जाहीर केला, टोयोटा किर्लोस्करनं २०२४ मध्ये सरकारशी करार केला, म्हणजे काम येणार आहे पण ते वेगळं काम आहे, मोटर हाउसिंग, बॅटरीचं कूलिंग, वायरिंग, कंट्रोलर. दहा-वीस माणसांचं युनिट चालवणारा मालक हे एकट्यानं शिकून घेऊ शकत नाही, त्याच्याकडं डिझाईनला माणूस ठेवायची ऐपत नसते. त्याला कॉलेजची डिझाईन लॅब, चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूमसारखी संस्था आणि एक मोठी कंपनी अशी साथ मिळाली तर तो टिकेल, नाहीतर अवघड आहे आणि हे मी काळजीपोटी लिहितोय.

ऑरिक आहे की आपल्याकडं, अजून वेगळा पार्क कशाला?

ऑरिक म्हणजे शेंद्रा आणि बिडकीन मिळून साधारण १०,००० एकराचं औद्योगिक शहर, दिल्ली-मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉरमधलं. चालवणाऱ्या कंपनीत एमआयडीसीचे ५१ टक्के आणि केंद्राच्या बाजूचे ४९ टक्के. शेंद्र्याच्या ऑरिक हॉलचं उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं. पाणी, वीज, ड्रेनेज सगळं आधीच जमिनीखालून टाकलेलं, हे काम खरंच चांगलं झालंय, बाहेरचे पाहुणे बघायला येतात तेव्हा अभिमान वाटतो.

पण ऑरिकमध्ये सरकार आणि उद्योग हे दोघंच आहेत, तिसरा नाही. माझं म्हणणं असं की वेगळी जमीन शोधायचीच गरज नाही, ऑरिकमध्येच काही एकर विद्यापीठ, शासकीय अभियांत्रिकी आणि बाकीच्या कॉलेजांच्या एकत्रित लॅबसाठी राखून ठेवा आणि मोठ्या कंपनीशी करार करतानाच मद्रासच्या क्रेडिटसारखी काहीतरी अट घाला. कंपनी एकदा येऊन बसल्यावर अट घालता येत नाही.

किती वर्षांत रिझल्ट दिसतो?

पंधरा-वीस वर्षं धरून चाला. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना हे राज्य त्या काळी तंबाखू, कापड आणि फर्निचरवर जगायचं, शिकलेली पोरं बाहेर जायची, अगदी आपल्यासारखी तक्रार. राज्याचे गव्हर्नर, उद्योजक, बँकवाले आणि आसपासची तीन विद्यापीठं, म्हणजे ड्यूक, चॅपल हिल गावचं आणि रॅली शहरातलं, अशांनी मिळून १९५९ ला रिसर्च ट्रँगल पार्क उभा केला, जमिनीसाठी लोकांकडून देणग्या गोळा केल्या. आणि मग बरीच वर्षं तिथं मोजक्याच संस्था. १९६५ ला आयबीएम यायचं ठरलं आणि सरकारची मोठी आरोग्य-पर्यावरण संशोधन संस्था पण तिथंच येणार असं जाहीर झालं, तेव्हा कुठं गाडं रुळावर आलं. आपल्याकडं असता तर मधल्या काळात तो पार्क फेल गेला म्हणून जमीन दुसऱ्याला देऊन टाकली असती. पेरणी करून तिसऱ्या दिवशी माती उकरून बघितली तर उगवायचं ते पण उगवत नाही.

सरकार बदललं, अधिकारी बदलला की सगळं थांबतं, त्याचं काय?

खरं आहे, म्हणून पार्क चालवणारी संस्था वेगळी पाहिजे, तिच्या बोर्डावर तिन्ही बाजूचे लोक पाहिजेत आणि चालवणारा माणूस पाच-सात वर्षं तरी हलवायचा नाही.

सगळं संभाजीनगरलाच का? आमच्या जिल्ह्याचं काय?

हा प्रश्न परभणी, नांदेड, लातूरकडून येतो आणि रास्त आहे. सगळीकडं ऑटो पार्क काढायची गरज नाही, जिथं जे आधीपासून आहे त्याच्यावर बांधा. परभणीला १९७२ पासूनचं कृषी विद्यापीठ आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं काढलेलं एनएचएच-४४ हे संकरित वाण बीटी यायच्या आधी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं लावलं. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ ला महिको काढली, पुढं १९९८ ला त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि आज जालना बियाण्यांचं आणि स्टीलचं गाव म्हणून ओळखलं जातं. म्हणजे एका बाजूला सरकारी संशोधन केंद्र, दुसऱ्या बाजूला खाजगी बियाणे कंपन्या, आणि मधलं अंतर एका दिवसात जाऊन येण्यासारखं. यांच्यात जुना संबंध आहेच, पण तो माणसांच्या ओळखीवर चालतो, संस्थेच्या पातळीवर बसवला तर बियाणं, जैविक खतं, कोरडवाहू शेतीची अवजारं यांचा मोठा पार्क जालना-परभणी पट्ट्यात होऊ शकतो, मला तर वाटतं ऑटोपेक्षा हाच आपला जास्त हक्काचा विषय आहे. मुंबईच्या आयसीटीचा, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, कॅम्पस पण २०१८ पासून जालन्यात आहे, केमिकल आणि फूड टेक्नॉलॉजीवाले तिथं मिळतील.

लातूरला रेल्वे कोच फॅक्टरी आहे आणि सोयाबीनचा मोठा बाजार, नांदेडला १९८१ चं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज आणि १९९४ चं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. सुरुवात करायला एवढं पुष्कळ आहे.

पाण्याचं काय? आधीच जायकवाडीवरून भांडणं चालू असतात.

हा प्रश्न टाळून पार्क काढणं मराठवाड्यात तरी चुकीचंच. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे कोणी विसरलेलं नाही. आणि सिंचूचं कौतुक करतो तर दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, २०२१ च्या दुष्काळात तैवानमध्ये चिप कारखान्यांना पाणी पुरावं म्हणून हजारो हेक्टर शेतीचं सिंचन बंद केलं, शेतकऱ्यांना भरपाई दिली, आणि कंपन्यांनी टँकरनं पाणी आणलं. आपल्याकडं असं झालं तर लोक रस्त्यावर येतील आणि त्यांचं बरोबरच असेल. म्हणून पहिल्या दिवसापासून सांडपाणी शुद्ध करून परत वापरणं सक्तीचं, आणि जास्त पाणी पिणारा उद्योग इथं नको. डिझाईन, टेस्टिंग, बियाणे, सॉफ्टवेअर यांना पाणी कमी लागतं, हा आपल्यासाठी मोठा मुद्दा आहे.

विद्यार्थ्याची आयडिया, सरांची लॅब, कंपनीचा पैसा. पेटंट कोणाचं?

काम सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून घ्या, नंतर भांडण ठरलेलं. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यानं सरकारी पैशातून झालेल्या शोधावर विद्यापीठाला हक्क मिळाला, आपल्याकडं तसं विधेयक २००८ ला राज्यसभेत आलं पण कायदा झालाच नाही, त्यामुळं प्रत्येक संस्थेचं स्वतःचं धोरण असतं किंवा नसतं. केंद्राचं २०१९ चं विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठीचं स्टार्टअप धोरण आहे, त्यात संस्थेनं मदतीच्या बदल्यात २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असं सुचवलंय. कोणी त्याच्या खूप वर मागायला लागलं तर हे धोरण काढून दाखवा.

प्राध्यापकाला कंपनी काढता येते का?

त्याच धोरणात परवानगी आहे, पण आपल्या संस्थेनं ते स्वीकारलंय का ते आधी विचारा.

मी शेवटच्या वर्षाला आहे, प्रोटोटाइप करायचाय, पैसे कुठून?

केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेत प्रोटोटाइपला १० लाखांपर्यंत मिळतात. स्टार्टअप इंडिया सीड फंडमधून संकल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत ग्रँट आहे, पण त्यासाठी कंपनी नोंदलेली पाहिजे. दोन्हीकडं इनक्युबेटरमार्फत जावं लागतं, म्हणून आधी जवळच्या इनक्युबेटरमध्ये जाऊन बसा. फॉर्मपेक्षा जास्त उपयोग कशाचा होतो सांगू का, तुमची वस्तू वापरून बघायला तयार असलेल्या एका कारखान्याचं किंवा दहा शेतकऱ्यांचं लेखी पत्र. ते असलं की समितीसमोर बोलणं सोपं जातं.

पोरं पुण्याला जातात ती थांबतील का?

नुसत्या नोकरीसाठी थांबणार नाहीत. सिंचूत अमेरिकेतून परत आलेल्या इंजिनिअरांच्या मुलांसाठी सरकारनं पार्कमध्येच दोन भाषांत शिकवणारी शाळा काढली, कारण माणूस परत येताना बायकोची नोकरी, पोरांची शाळा, आईवडिलांचा दवाखाना सगळं बघतो. आपल्याकडं लातूर पॅटर्ननं पोरं घडवायची सवय आहे, चांगल्या शाळा आहेत, घरभाडं पुण्याच्या मानानं कमी आहे, आईवडील जवळ आहेत. काम मात्र डोक्याला खाद्य देणारं पाहिजे. चाकणला दहा वर्षं डिझाईन करून आलेला परभणीचा पोरगा इथं येऊन नुसतं प्रॉडक्शन रिपोर्ट भरणार नाही, आणि अशी परत यायला तयार असलेली पोरं भरपूर आहेत, मला नेहमी फोन येतात.

माझं छोटं वर्कशॉप आहे, आठ माणसं. पार्क होईल तेव्हा होईल, मी आज काय करू?

तुमच्याकडं वारंवार रिजेक्ट होणारा एक पार्ट निवडा. त्याचं ड्रॉइंग, तीन-चार खराब नग आणि रिजेक्शनची नोंदवही घेऊन जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकल किंवा मेटलर्जीच्या सरांकडं जा. कस्टमरचं ड्रॉइंग बाहेर दाखवायला चालतं का ते आधी विचारून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर चांगलं, कारण तेव्हा शेवटच्या वर्षाच्या पोरांचे प्रोजेक्टचे विषय ठरत असतात आणि सर लोकांना पण खरे विषय हवेच असतात. पोरांना शेडमध्ये येऊ द्या, मशीनला हात लावू द्या, गाडीचा खर्च आणि चहा-नाश्ता तुमच्याकडून. सेमिस्टर संपताना रिपोर्टची एक प्रत तुमच्या फाईलला लावा, आणि पुढच्या वर्षी दुसरा पार्ट घेऊन त्याच सरांकडं परत जा.